उंडेऱ्याच्या अठ्ठावीस घरांचा हिशोब : वाल्डेमार हाफकिन

गोरव्याकडून रिफायनरीच्या बाजूला जाताना उंडेरा लागते. आता ते बडोदे शहरातच जमा झाले आहे. सोसायट्या, टायरची दुकाने, कामगारांच्या बसगाड्या. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते शहरापासून सहा मैलांवरचे, हजारेक वस्तीचे, गायकवाड सरकारच्या मुलखातले एक साधे खेडे होते. कामानिमित्त त्या रस्त्याने माझे नेहमी जाणे-येणे असते. जगातल्या वैद्यकशास्त्राच्या इतिहासात या गावाचे नाव आहे, हे मला नोकरीला लागून दहा-बारा वर्षे होईपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या मंडळातल्या बहुतेकांनाही नसावे, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

मी आरोग्य खात्यात फार्मासिस्ट आहे. शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. लसींच्या पेट्या उतरवून घेणे, बॅच नंबर लिहिणे, सकाळ-संध्याकाळ फ्रीजचे तापमान नोंदवणे हे माझे काम. त्यामुळे मोठ्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचा अधिकार माझा नाही, पण या माणसाच्या आयुष्यात एका बाटलीने आणि एका चिमट्याने जे घडवले ते माझ्यासारख्या माणसाला जरा जास्तच जवळचे वाटते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे शोधून पुढे 1908 साली नोबेल मिळवणारे तेच हे मेचनिकॉव्ह. झारच्या राजवटीत ज्यूंवर हल्ले होत. त्यात आपल्या लोकांचे रक्षण करायला उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते, त्यांना अटकही झाली, आणि गुरूंनी रदबदली करून सोडवले. राजकारणातल्या ऊठबशीमुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर कायम राहिली. विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलावा लागणार होता. तो त्यांनी बदलला नाही. ओडेशाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील एका साध्या जागेवर काही वर्षे काढून 1888 मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. मेचनिकॉव्ह तिथे आधीच पोहोचले होते. संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयात साहाय्यकाची होती. ती त्यांनी घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असे सुरू झाले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती फार नडली. हाफकिन वैद्यकीय डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. मुंबईत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पण सरकारी वैद्यकीय सेवेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता आणि तो ते विसरत नसत.

त्या काळात पटकीची धास्ती सगळ्या जगाला होती. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिला होता. हाफकिन यांनी गिनीपिगच्या शरीरातून तो जंतू पुन्हा पुन्हा नेऊन त्याची ताकद वाढवली, दुसऱ्या बाजूने कमजोर केलेला जंतू तयार केला, आणि आधी कमजोर व नंतर तेज अशा दोन टोचण्यांची लस बनवली. 18 जुलै 1892 रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या बाजूला दुखले, काही दिवसांत बरे वाटले. मग मित्रांनी टोचून घेतली. पण पॅरिसच्या प्रयोगशाळेत बसून लस लागू पडते की नाही हे कळणार कसे? जिथे दरवर्षी पटकी येते अशा ठिकाणी जायला हवे होते. तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते लॉर्ड डफरिन, आपले माजी व्हाइसरॉय. त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची वाट मोकळी करून दिली आणि मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथून पुढे शास्त्रज्ञ आणि आरोग्याचा कारभार पाहणारे अधिकारी यांची गाठ पडत गेली. कधी ती जुळली, कधी मोडली. मला या चरित्रात सगळ्यात जास्त रस याच भागात आहे.

पहिले वर्ष लष्करात आणि उत्तरेकडच्या शहरांत टोचण्यात गेले. लोक टोचून घेत, हाफकिन पुढच्या गावी जात. हजारो टोचण्या झाल्या, पण हिशोब लागेना. ज्याला टोचले त्याला पटकी झाली नाही हे खरे, पण त्या छावणीत ती कोणालाच झाली नव्हती. मग उपयोग झाला असे कसे म्हणायचे? हाफकिन यांना हवी होती एकाच ठिकाणची, एकच पाणी पिणारी दोन प्रकारची माणसे : टोचलेली आणि न टोचलेली. ती कोण मिळवून देणार? एकटा परका शास्त्रज्ञ तर नाहीच.

ते काम कलकत्ता नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन यांनी केले. मार्च 1894 मध्ये शहरातल्या कट्टल बागान या बस्तीत पटकी निघाली. तिथल्या तळ्याचे पाणी तपासायला म्हणून सिम्प्सन यांनी हाफकिन यांना बोलावून घेतले. वस्ती दोनशेच्या आसपास. लोक आधी जवळ येईनात. अशा वस्त्यांतून दगडही खावे लागले होते. हाफकिन यांच्याबरोबर चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त असे बंगाली डॉक्टर होते, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे. वस्तीसमोर उभे राहून आधी स्वतःला टोचून घ्यायचे आणि मग इतरांना विचारायचे, अशी त्यांची रीत. 116 जणांनी टोचून घेतले. त्यानंतर त्या बस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली, त्यातले सात दगावले, आणि ते दहाही न टोचलेल्यांपैकी होते. आकडा लहान होता, पण पहिल्यांदाच तो बोलू लागला. नगरपालिकेने पुढच्या टोचणीला पैसे मंजूर केले. नंतर आसामच्या चहाच्या मळ्यांवरही टोचणी झाली. 1895 मध्ये मलेरियाने खंगलेले हाफकिन युरोपात परतले, तोवर सुमारे 42 हजार लोकांना टोचून झाले होते.

सिम्प्सन हे नाव लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येईल.

तब्येत सावरून हाफकिन परत आले आणि तेवढ्यात मुंबईत प्लेग आला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईला धाडले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. त्यावर लस कोणाकडेच नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. माणसे म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. (सरकारी मनुष्यबळाची ही कहाणी वाचून आमच्या ऑफिसातले सगळे हसले.)

तीन महिन्यांत लस तयार झाली. ती कशी, हे आपल्या वाचकांना आवडेल. जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करीत. इथे हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालेल म्हणून बकऱ्याच्या मांसाचा घेतला. त्या अर्कावर वरून थोडे तूप सोडायचे. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची झुंबरे खाली लोंबत वाढतात. दर थोड्या दिवसांनी भांडे हलवायचे की झुंबरे तुटून तळाशी बसतात आणि वर नवी येतात. पाच-सहा आठवड्यांनी सगळे उष्णतेने मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, म्हणजे दुसरा कुठला जंतू शिरला तरी वाढणार नाही. हे कार्बोलिक ॲसिडही लक्षात राहू द्या.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी पुन्हा आधी स्वतःला टोचून घेतले. पुढे लोकांना दिली त्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा. ताप भरला, दंड सुजला, आणि ते नेहमीसारखे कामाला गेले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग निघाला. तिथे कैद्यांना विचारून जवळपास निम्म्यांना टोचले. एकच कोठड्या, एकच जेवण. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांत बारा आजारी पडले, सहा दगावले. टोचलेल्यांत दोन आजारी पडले आणि दोघेही वाचले.

इकडे सरकारचे प्लेग निवारण वेगळ्याच वाटेने चालले होते. 1897 चा साथरोग कायदा आला. घराघरांत शिरून झडत्या, रोगी उचलून इस्पितळात, घरचे लोक छावणीत, सामान जाळले, छप्पर उघडले. पुण्यात काय झाले ते आपण शाळेत शिकलो. त्याच पुण्यात 10 मार्च 1897 रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, आणि 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. माझी आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेले सांगायची, की उंदीर पडला म्हणताच लोक चुलीवरचे भांडे तसेच ठेवून शेतात झोपड्या घालायला निघत. आजी आणि सासूबाई दोघीही दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात नांदल्या. प्लेग हा शब्द आजी पूर्ण उच्चारत नसे, रोग आला एवढेच म्हणे.

या झडत्या आणि छावण्यांच्या धुमाळीत हाफकिन यांचे म्हणणे सरळ होते. टोचणी ऐच्छिक ठेवा, लोकांना परिणाम दाखवा, ते आपणहून येतील. सगळ्या अधिकाऱ्यांना ते पटत नव्हते. रशियातून आलेला, पोलिसांच्या वहीत नाव असलेला, त्यात डॉक्टर नसलेला माणूस. काहींना तर तो हेर वाटे. मदत आली ती समाजाकडून. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी सगळ्यांसमोर टोचून घेतले, आपली एक इमारत प्रयोगशाळेला दिली आणि त्यांच्या समाजातल्या हजारोंनी टोचून घेतले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये तर आकडे इतके स्पष्ट आले की वाचून अंगावर काटा येतो. न टोचलेले 6,033, त्यातले 1,482 मेले. टोचलेले 2,197, त्यातले 36.

पण दमणच्या आकड्यांवरही शंका घेता येत होती आणि घेतली गेली. टोचून घेणारे लोक मुळातच सावध, स्वच्छ राहणारे, थोडे बऱ्या परिस्थितीतले असतील. न घेणारे गरीब, दाटीवाटीत राहणारे. मग फरक लसीचा की घराचा? शंका रास्त आहे. आजही नव्या औषधाबद्दल हीच विचारतात. तिचे उत्तर हाफकिन यांना आपल्या बडोदे संस्थानात मिळाले.

1898 च्या फेब्रुवारीत उंडेऱ्यात प्लेग होता. हाफकिन आपले सहकारी बॅनरमन यांना घेऊन आले. बडोदे सरकारचे अधिकारी बरोबर होते, आणि ते नसते तर हा प्रयोग झालाच नसता. गावातल्या प्रत्येक घराची यादी केली. एकेका कुटुंबाला बोलावून समोर उभे केले आणि घरातल्या निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना नाही. पुरुषांतले निम्मे, बायकांतल्या निम्म्या, मुलांतली निम्मी, आणि धट्टीकट्टी व अशक्त माणसेही दोन्हीकडे सारखी पडतील असे पाहिले. आता एकाच छपराखाली, एकाच ताटातले जेवणारी, एकाच उंदरांच्या घरात निजणारी माणसे दोन गटांत होती. श्रीमंत-गरीब हा प्रश्नच उरला नाही.

मग सगळे निघून गेले आणि एप्रिलमध्ये परत येऊन त्यांनी घरोघर विचारपूस केली. टोचणीनंतर अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला होता. त्या अठ्ठावीस घरांत टोचलेली माणसे होती 71. त्यातली आठ आजारी पडली, तीन दगावली. न टोचलेली होती 64. त्यातली 27 आजारी पडली आणि 26 दगावली.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्या 64 माणसांचाच विचार करीत राहिलो. आजच्या नियमात असा प्रयोग या पद्धतीने कोणी करू देणार नाही. त्यांना कोणी काय समजावून सांगितले होते, घरातल्या दोन भावांत एकाला सुई आणि दुसऱ्याला नाही हे त्या आईने कसे घेतले असेल, देव जाणे. त्या वेळी लस खरोखर वाचवते हे सिद्ध झालेले नव्हते, टोचून घ्यायला घाबरणारेच जास्त होते, हेही खरे. तरी 26 हा आकडा साधा नाही. या 26 जणांच्या जोरावर पुढे लाखोंना लस मिळाली, आणि गावात त्यांची कुठे नोंद असेल तर ती मला आढळलेली नाही.

उंडेऱ्यानंतर लसीबद्दल बोलण्याची सरकारची भाषा बदलली. 1898 साली नेमलेल्या प्लेग कमिशनने हाफकिन यांच्या आकडेमोडीतल्या आणि लसीच्या मात्रेतल्या त्रुटी दाखवल्या, पण लस उपयोगी आहे हे मान्य केले. 10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. एक खोली आणि तीन शिपायांपासून गव्हर्नरच्या बंगल्यापर्यंत तीन वर्षांत. वय अवघे 39.

आता मलकवाल.

1902 च्या पावसाळ्यानंतर पंजाब सरकारने ठरवले की यंदा प्लेगला टोचणीनेच अडवायचे. बेत चांगला, पण लाखोंच्या संख्येने डोस हवे होते आणि तेही ताबडतोब. सरकारी मागणीपत्रात संख्या असते, तारीख असते, माल कसा तयार होतो याचा रकाना नसतो. तुपाची झुंबरे पाच-सहा आठवड्यांखाली वाढत नाहीत. परळला उत्पादन वाढवण्यासाठी नवी पद्धत घेतली. तीत जंतू आगरवर वाढवीत आणि कार्बोलिक ॲसिड घालीत नसत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही ॲसिडाशिवायच लस करीत होते, तेव्हा यात शास्त्राच्या दृष्टीने वावगे काही नव्हते. फक्त चुकीला पोटात घालणारे ते थोडेसे ॲसिड आता बाटलीत नव्हते.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकवाल गावी 107 जणांना टोचले. आठवड्याभरात त्यातल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला. एकोणीसही मेले. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटलीचा नंबर 53 एन.

मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स आणि दोन डॉक्टर यांची चौकशी समिती बसली. तिचा निष्कर्ष असा की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली होती आणि कार्बोलिक ॲसिड वगळणे ही चूक होती. हाफकिन यांच्याकडून प्रमुखपद गेले. 1904 साली ते देश सोडून गेले.

पण चौकशीच्याच कागदांत एक गोष्ट होती. त्या दिवशी मलकवालला बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो पुन्हा उकळून न घेता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि तेवढ्याने मरत नाहीत. शिवाय बाटली भरली होती 41 दिवस आधी. तेव्हाच तीत धनुर्वाताचे जंतू गेले असते तर इतक्या दिवसांत आत विष साचले असते, उघडताच घाण वास आला असता आणि माणसे लवकर आजारी पडली असती. तसे काही झाले नव्हते.

मी त्या मदतनिसाचा पुष्कळ विचार केला आहे. समोर शंभरावर माणसांची रांग, साहेब घाईत, चिमटा एकच. खाली पडला तर पाणी उकळायला किती वेळ लागेल? एका केंद्रावर, नाव नको, एकदा तापमानाच्या वहीत दोन दिवसांचे रकाने रिकामे असताना मी संध्याकाळी बसून अंदाजाने आकडे भरलेले पाहिले आहेत. भरणारा वाईट माणूस नव्हता. वरून तक्ता मागितला होता. लसी त्या खेपेस वापरल्या नाहीत, परत पाठवल्या, एवढेच सांगतो. मी तेव्हा नवा होतो. परत पाठवायला सांगणाऱ्या बाई माझ्या वरिष्ठ होत्या आणि त्यांना त्यासाठी बरीच लेखी उत्तरे द्यावी लागली.

हाफकिन लंडनला गेले. लिस्टर संस्थेनेही कागद तपासले. सगळे कागद सरकारने छापले ते 1906 च्या शेवटी. चार वर्षे! फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ लागतो हे मला कोणी सांगायला नको, पण त्या चार वर्षांत जगातल्या सगळ्या वैद्यकीय वर्तुळांत हाफकिन हे एकोणीस माणसे मारणारा म्हणून ओळखले जात होते. तेवढ्यात प्लेग थांबला नव्हता, आणि लोकांचा टोचणीवरचा भरवसा उडाला होता. पंजाबातली ती मोठी मोहीम कोसळली. एकोणीस मृत्यूंपेक्षा हे नुकसान किती मोठे याचा हिशोब कोणी केला असेल तर तो वाचण्याची माझी छाती नाही.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. आपल्या हैदराबादजवळच्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहणारे, 1902 चे नोबेल मिळालेले. रॉस स्वतः सरकारी वैद्यकीय सेवेत होते, तिथल्या कारभाराने ते पुरते पोळले होते. त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये एकामागून एक पत्रे लिहिली. 1907 च्या जुलैत दहा शास्त्रज्ञांनी सहीचे पत्र छापून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. त्यात कलकत्त्याचे ते जुने आरोग्याधिकारी सिम्प्सनही होते. तेरा वर्षांपूर्वी एका बस्तीत शास्त्रज्ञाला हात देणारा अधिकारी अजून त्याच्या पाठीशी होता. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याचे प्रकरण तेव्हा ताजे होते, म्हणून या प्रकरणाला लोक छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले.

1907 च्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले. पण परळला नाही. ती जागा भरली होती. तिथे होते बॅनरमन, उंडेऱ्याला त्यांच्याबरोबर आलेले. हाफकिन यांना कलकत्त्याला एका प्रयोगशाळेचे प्रमुख केले आणि माणसांवर चाचण्या करायच्या नाहीत अशी अट घातली. आयुष्यभर ज्याने लस आधी स्वतःच्या दंडात टोचून मग लोकांना दिली, त्याच्या हातातून सुई काढून घेऊन त्याला खुर्ची दिली. आमच्या खात्यात अशा नेमणुकीला एक शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. सात वर्षे त्यांनी तिथे काढली आणि 1914 मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

पुढचे आयुष्य शांत गेले. लग्न केले नव्हते. पॅरिसजवळ आणि शेवटची दोन वर्षे स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते राहिले. उतारवयात त्यांचे मन धर्माकडे वळले. पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी 1929 साली त्यांनी निधी उभा केला. तरुणपणी ज्या धर्मासाठी विद्यापीठातली जागा सोडली त्याच्याच शिक्षणाला त्यांनी आपली पुंजी दिली.

परळच्या प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. ही बातमी त्यांना जिवंतपणी कळली, हे बरे झाले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझानमध्ये ते गेले. भारत सरकारने 1964 साली त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यातले एक माझ्या मामांच्या वहीत चिकटवलेले आहे, कोण हा दाढीवाला असे मी लहानपणी विचारायचो आणि मामा म्हणायचे, उंदीर मारणारा असेल कोणी.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी कामावरून येताना उंडेऱ्यात थांबलो होतो. गावाच्या जुन्या भागात चहा घेतला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या काकांना गुजरातीत विचारले, पूर्वी इथे मरकी आली होती का? ते म्हणाले, आली असणार, सगळीकडेच आली होती. मग त्यांनी त्यांच्या आजोबांचे घर कुठे होते ते बोटाने दाखवले. तिथे आता पाण्याच्या बाटल्यांची एजन्सी आहे.